चार बोटं पाणी

“मग पाणी घालतं कोण?”

आन्सेल्मने हे तिसऱ्यांदा विचारलं. फादर बोनिफास कडक बटर चहात बुडवत होते. बटर तुटून कपात पडला. त्यांनी चमच्याने तो थोडा वेळ शोधला, मग नाद सोडला.

“किती असतं?”

“चार बोटं. रोज तेवढंच.”

“आणि कुंड तू रिकामं करतोस.”

“रोज. मगाने उपसतो, फडक्याने पुसतो, वर झाकण ठेवतो. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की चार बोटं पाणी.”

“बरं.”

“बरं काय, फादर?”

 गार झालेला चहा म्हाताऱ्यांनी एका दमात पिऊन टाकला.

साकवली हे वसईकडचं खाडीच्या अंगाचं शेवटचं गाव. त्यापुढे मिठागरं, आणि मिठागरांपुढे नुसता चिखल. गावाचं देऊळ, म्हणजे चर्च, पोर्तुगिजांच्या वेळचं. मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड होतं. काळा दगड, कमरेइतका उंच, वरची वाटी वीतभर खोल. तिची कड इतक्या हातांनी धरून झाली होती की ती दगडाची वाटत नसे, साबणाची वाटे. गावातल्या झाडून सगळ्यांची डोकी त्या कुंडावर ओली झालेली. त्याला कुणी दुसरं नाव दिलं नव्हतं. कुंड म्हणायचं, की झालं.

फादर बोनिफास तुस्कान अडतीस वर्षं तिथे होते. उजवा डोळा कधीच गेला होता. डाव्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना तीन आठवडे मुंबईला ठेवून घेतलं, आणि कालच ते हिरवी पट्टी लावून परत आले होते. पट्टी आणखी दहा दिवस ठेवायची होती. तोवर त्यांना उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच कळे.

त्या तीन आठवड्यांत देऊळ एकट्या आन्सेल्मच्या ताब्यात होतं.

आन्सेल्म हा तिथला नवा फादर, तेहतीस वर्षांचा. पाच वर्षं रोमला शिकून आलेला. बाप्तिस्मा या एकाच विषयावर त्याने चारशे पानांचा प्रबंध लिहिला होता, आणि तो लिहिणाऱ्याला साकवलीला पाठवायचं म्हणजे काय, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. तरी कामात तो चोख होता. आल्याआल्या त्याने अर्ज छापून घेतले. बाप्तिस्मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्याआधी आईबापांनी तयारीच्या वर्गाला यायचं, धर्मपित्याने, म्हणजे गॉडफादरने, आपल्या धर्मग्रामातल्या चर्चचा दाखला आणायचा. गावाने मान डोलावली. नवीन फादर शिस्तीचे आहेत, असं लोक म्हणू लागले, आणि ते त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला बरं वाटलं.

असा माणूस पाण्याला भिणार नव्हता. आधी त्याने छप्पर पाहिलं. मे महिना, कौलं तापलेली, गळायचा प्रश्नच नव्हता. मग त्याने दुमिंग गवंड्याला बोलावलं. दुमिंगने कुंडाला चारी बाजूंनी हातोडीने टकटक करून कान लावला.

“एकच दगड आहे, फादर. तळाला भोकसुद्धा नाही. पाझर येणार कुठनं?”

त्या दिवशी आन्सेल्मने झाकणाच्या चारी कडांना मेण ओतलं आणि मेणावर आपली अंगठी दाबली. दुसऱ्या दिवशी मेण जागच्या जागी. अंगठीचा ठसा जशाचा तसा. चाकूने मेण कापून त्याने झाकण उचललं.

चार बोटं.

आणि ते पाणी गार नव्हतं. मे महिन्यातही त्या कोपऱ्यातली फरशी पायाला गार लागे, दगड गार लागे. पाणी मात्र कोमट. अंगाला असते तेवढीच ऊब.

हे त्याने फादर बोनिफासना सांगितलं नव्हतं.

“कधीपासून?” म्हाताऱ्यांनी विचारलं.

“मागच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारपासून.”

“त्या रविवारी बाप्तिस्मे होते?”

“होते. चार.”

“अर्ज किती आले होते?”

आन्सेल्मने पडवीच्या कठड्याकडे पाहिलं. तिथे फादरांचे धुतलेले झगे वाळत होते.

“... पाच.”

“हं.”

“पाचवं मूल शनिवारी गेलं.”

फादर बोनिफासनी कप खाली ठेवला. टेबल कुठे संपतं ते आधी बोटाने चाचपलं, मग ठेवला.

“कुणाचं?”

“पावलू रुमावचं. केळीच्या बागा आहेत त्यांच्या, बावखलाच्या तळ्याच्या पलीकडे. त्याची बायको रेजिना मंगळवारी आली होती. म्हणाली, आजच बाप्तिस्मा द्या.”

“का म्हणाली?”

“मूल दूध ओढत नाही म्हणाली.”

“मग?”

“मी सांगितलं, रविवारी आणा. त्यांचा वर्ग झालेला नव्हता. धर्मपित्याचा दाखलाही नव्हता. एकाला सूट दिली की...”

“मूल कसं दिसत होतं?”

“दुपट्यात होतं.”

“दुपटं बाजूला करून पाहिलंस?”

आन्सेल्मने बटराचा चुरा टेबलावरून पुसला.

“मूल जायला टेकलं तर पाणी कुणीही घालू शकतं,” फादर बोनिफास म्हणाले. “आई, सुईण, रस्त्याने जाणारा. फादर लागत नाही. हे तिला सांगितलंस?”

यावर आन्सेल्मच्या प्रबंधात चाळीस पानांचं प्रकरण होतं. परीक्षकांना सगळ्यांत आवडलेलं.

“तिने... विचारलं नाही.”

म्हातारे काठी शोधू लागले. ती खुर्चीच्या पाठीलाच टेकलेली होती. आन्सेल्मने ती त्यांच्या हातात दिली.

“चल,” ते म्हणाले. “बघू.”

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर ऊन इतकं की अंगणातली वाळू डोळ्यांत घुसत होती. देवळात शिरल्यावर आन्सेल्मला क्षणभर काहीच दिसलं नाही. फादर बोनिफास मात्र सरळ कोपऱ्याकडे गेले. वाटेत त्यांची काठी कशालाही लागली नाही.

“झाकण काढ.”

त्याने काढलं.

“आहे?”

“आहे.”

“तळ दिसतो?”

“स्वच्छ दिसतो. दगडावरच्या टाकीच्या खुणासुद्धा दिसतात.”

“बाही वर कर. हात घाल. तळाला हात लागला की सांग.”

आन्सेल्मला हसू आलं. चार बोटं पाणी, त्यात हात घालून तळ शोधायचा... पण म्हातारे हसत नव्हते. त्याने झग्याची बाही दोनदा दुमडली आणि हात पाण्यात घातला.

बोटं बुडाली. तळवा बुडाला.

मनगट बुडालं.

तो वाकला. टाकीच्या खुणा दिसत होत्या, अगदी हाताखाली, इतक्या जवळ की नखाने खरवडता आल्या असत्या. कोपर बुडालं. दुमडलेली बाही ओली झाली. त्याची छाती कुंडाच्या कडेला टेकली, आणि तो मनाशी मोजत होता. वाटी वीतभर. खाली दगडाचा पाया. त्याखाली फरशी. म्हणजे हात आता फरशीच्याही खाली असायला हवा.

तळ लागला नव्हता.

“फादर...”

“बोलू नकोस. थांब.”

तो थांबला. बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तो बंद पडला. देवळात इतकी शांतता झाली की आपल्याच कानातली सळसळ त्याला ऐकू येऊ लागली. पाणी खांद्याशी हलकं हलकं हलत होतं. तो तर हलत नव्हता.

मग त्याच्या तर्जनीला काहीतरी लागलं.

मऊ होतं. आधी नुसतं लागलं. मग त्याने बोटाभोवती वेढा घातला. चार इवलीइवली बोटं आणि एक अंगठा... तान्ह्या मुलाच्या तळव्यावर बोट ठेवलं की ते जसं मुठीत धरतं, तसं त्याने धरलं.

आन्सेल्मने हात हिसडून बाहेर काढला. तो मागच्या बाकावर आदळला, बाक फरशीवर करकरला. खांद्यापर्यंत बाही निथळत होती. त्याने कुंडात पाहिलं. चार बोटं पाणी. त्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता.

“धरलं?” फादर बोनिफासनी विचारलं.

 म्हाताऱ्यांना दिसत नाही हे विसरून त्याने मान हलवली.

“धरलं का?”

“धरलं.”

“मग तू काय केलंस?”

“सोडवून घेतलं.”

“जोर लावावा लागला?”

“नाही.” तो दम घ्यायला थांबला. “लगेच सुटलं.”

“हं...” म्हातारे म्हणाले. “दूध ओढत नव्हतं म्हणालास ना.”

आन्सेल्म बाकावर बसला. ओला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला. त्याला वाटलं, आता फादर काहीतरी समजावतील. धीर देतील, नाहीतर रागावतील तरी. ते काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे होते.

“त्याचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

“अर्जात आहे. बघून सांगतो.”

“अर्ज नको.”

“मग?”

“आई असेल ना घरी.”

रुमावांचं घर देवळापासून चालत दहा मिनिटांवर. आन्सेल्म झगा न बदलताच निघाला. उन्हात बाही वाळेल असं त्याला वाटलं होतं, पण बावखलाच्या बांधावर पोहोचला तरी ती तशीच ओली होती, आणि तशीच कोमट.

रेजिना बागेत होती. सोनचाफ्याच्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात गुंडाळत होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. तिने त्याला पाहिलं. उठली नाही, बसा म्हणाली नाही. शेवटची कळी ठेवून फडक्याची गाठ मारली.

“पावलू बाजारात गेलाय,” ती म्हणाली.

“मी तुमच्याकडे आलोय.”

“बोला.”

वाटेत त्याने चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

“त्या मंगळवारी...” तो म्हणाला.

“रविवारी आणा म्हणालात.”

“हो.”

“मी आले होते, फादर.”

त्याला आधी कळलंच नाही.

“कधी?”

“रविवारी. दहाला. तुम्ही त्या चार पोरांना पाणी घालत होतात. मी मागच्या खांबापाशी उभी होते, दुपटं घेऊन.” तिने हात तसेच छातीशी घेतले, तेवढ्यापुरते, आणि खाली सोडले. “रिकामं दुपटं. आदल्या दिवशी दुपारीच माती दिली होती. पण तुम्ही रविवारी आणा म्हणाला होतात, आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. पाचवं नाव घेतील, मग मी पुढे होईन.”

आन्सेल्मला तो रविवार आठवला. एक मूल फार रडत होतं. फोटो काढणारा सारखा मधे येत होता. खांबापाशी कोण होतं ते त्याने पाहिलं नव्हतं.

“मग?”

“मग सगळे फोटोला बाहेर गेले. मी दुपटं त्या पाण्यात बुडवलं. पिळलं. घरी आले.” तिने गाठ घट्ट ओढली. “पाप झालं का?”

“नाही,” तो म्हणाला. “नाही, रेजिना.”

“तुम्हाला सांगणार नव्हते.”

बावखलावर हवा पडली होती. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. आन्सेल्मने पाहिलं, ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. बाहीतून एकेक थेंब मातीत पडत होता.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही सांगत होतात, ते मी ऐकलं नाही. मुलाकडे पाहिलं नाही. तुम्ही स्वतः घरी पाणी घालू शकला असतात, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.”

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली,

“मी घालू शकले असते?”

“हो.”

“मी? माझ्या हाताने?”

“हो.”

तिने फडकं मांडीवर घेतलं. रडेल असं त्याला वाटलं, ती रडली नाही. तिने फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली. पुन्हा सोडली. तो उभा राहिला. निघून जावं असं त्याच्या पायांना वाटत होतं, इतकं की पोटऱ्या दुखू लागल्या, पण तो उभा राहिला.

“शुक्रवारी सबंध दिवस तो माझ्या मांडीवर होता,” ती म्हणाली. “पाण्याचा तांब्या शेजारी होता, फादर. शेजारी.”

“... हो.”

“आता का आलात?”

“त्याचं नाव विचारायला.”

“अर्जात लिहिलं होतं.”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा.

“बस्त्याव,” ती म्हणाली. “पावलूच्या बापाचं नाव. घरात अजून कुणी त्या नावाने त्याला हाक मारली नव्हती. बाप्तिस्म्यानंतर मारायची, म्हणून थांबलो होतो. सगळे नुसतं बाळ म्हणायचे.”

“कुठे ठेवलंय त्याला?”

तिने हाताने दाखवलं. बागेच्या टोकाला, पाण्यालगत, फणसाखाली. देवळाच्या कबरस्थानात जागा मिळाली नव्हती, कारण बाप्तिस्मा न झालेल्याला तिथे विधीने माती द्यायची तर परवानगी लागते असं आन्सेल्म म्हणाला होता. त्याने लगेच बिशप हाउसला पत्रही लिहिलं होतं. उत्तर येईपर्यंत थांबा, असं त्याने पावलूला सांगितलं होतं. ऐन उन्हाळ्यात. पावलूने फावडं घेतलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

दोघं फणसापाशी गेली. हातभर लांबीचा मातीचा उंचवटा, वर सोनचाफ्याची सुकून तपकिरी झालेली फुलं. आन्सेल्म गुडघ्यांवर बसला.

“बिशपचं उत्तर आलं?” रेजिनाने विचारलं.

“नाही.”

“मग?”

 त्याने हात जोडले आणि मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. तीन भाषांत पाठ असलेली ती प्रार्थना दुसऱ्या ओळीला थांबली. पुढचा शब्द आठवेना. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. 

मग मागून रेजिनाचा आवाज आला. ती ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणत होती, घरात रोज संध्याकाळी म्हणतात तशी, भरभर, शब्द एकमेकांत अडकवत. तो तिच्या मागोमाग म्हणत गेला. संपल्यावर त्याने मातीवर हात ठेवला.

“बस्त्याव,” तो म्हणाला.

उठताना त्याने बाहीला हात लावला. बाही वाळली होती. कडक झाली होती, जशी खारं पाणी वाळल्यावर होते.

रेजिनाने त्याला बांधापर्यंत सोडलं. क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही, त्यानेही मागितली नाही. फक्त निघताना ती म्हणाली, “फादर, ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगा. पाण्याचं.”

“रविवारी सांगतो,” असं त्याच्या तोंडावर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“आजपासून सांगतो,” तो म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. परतताना वाटेवरच्या पहिल्या घरात शिरून सांगितलं, जिथे दोन सुना गरोदर होत्या. मग दुसऱ्या घरात. लोक चकित झाले. फादर आन्सेल्म कुणाच्या ओसरीवर बसत नसत. सातव्या घरी कुणीतरी सरबत दिलं, ते तो उभ्यानेच प्यायला. हातात पेला घेऊन, पाणी कपाळावर कसं सोडायचं आणि तोंडाने काय म्हणायचं, हे त्याने एका सुईणीला तीनदा करून दाखवलं. तिला चौथ्यांदा पाहायचं होतं. त्याने चौथ्यांदा दाखवलं.

फादर बोनिफासनी जेवताना काही विचारलं नाही.  पापलेटातले काटे काढून आन्सेल्म त्यांच्या ताटात वाढत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा झाली, लोक गेले, दुपार झाली. आन्सेल्मने सकाळपासून कुंडाकडे पाहायचं टाळलं होतं. तीनच्या सुमाराला तो एकटाच देवळात गेला. कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याने झाकण उचललं.

कुंड कोरडं होतं.

नुसतं रिकामं नव्हतं, कोरडं होतं. तळाशी बारीक धूळ होती, आणि त्या धुळीतून एक मुंगी चालली होती. त्याने वाकून बोट टेकवलं. दगड लागला. गार, खरखरीत, साधा दगड. त्याने पुन्हा टेकवलं. पुन्हा दगडच.

त्याचे डोळे भरून आले. तो जवळजवळ पळतच पडवीत गेला.

“फादर, कोरडं आहे! पाणी गेलं!”

फादर बोनिफास खुर्चीत बसले होते.

“गेलं?”

“एक थेंब नाही. तुम्ही चला. हात लावून पाहा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं, बाबा.” आणि उठले.

दोघं देवळात आले. आन्सेल्मने त्यांचा हात धरून तो कुंडाच्या कडेवर ठेवला. म्हाताऱ्यांनी दुसऱ्या हातातली काठी त्याच्याकडे दिली, आणि सावकाश झग्याची बाही वर सरकवू लागले. आन्सेल्मला वाटलं, तपासून बघतायत. बघू देत.

तेव्हा त्याचं लक्ष त्या हाताकडे गेलं. मनगटापासून खांद्याकडे सगळी कातडी सुरकुतलेली होती, वयाने सुरकुतते तशी नव्हे... पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांची होते तशी. पांढरी, मऊ.

फादर बोनिफासनी हात कुंडात घातला.

हात धुळीपर्यंत गेला. आणि थांबला नाही. मनगट गेलं. कोपर गेलं. दगड कोरडा होता, मुंगी अजून चालत होती, आणि म्हाताऱ्यांचा हात त्या कोरड्या दगडात दंडापर्यंत बुडालेला होता. ते कडेवर छाती टेकून वाकले. रोजच्या बसायच्या जागेवर बसल्यावर माणसाचं अंग सैल पडतं, तसे त्यांचे खांदे सैल पडले. त्यांचा दंड हळूहळू खालीवर होत होता. खाली कुठेतरी ते कुणाला तरी झोके देत असावेत.

 अडतीस वर्षं, आन्सेल्मच्या मनात आलं.

“फादर...” तो म्हणाला. “फादर, हे कुणाचं मूल?”

म्हाताऱ्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

तो थांबला.  दारातून आलेलं ऊन फरशीवरून सरकत बाकापर्यंत आलं.

“चला ना आता,” तो शेवटी कुजबुजला.

फादर बोनिफासनी पट्टी बांधलेला चेहरा त्याच्याकडे वळवला. आवाज इतका खाली होता की आन्सेल्मला ऐकायला वाकावं लागलं.

“तू हो पुढे. माझं अजून झोपलेलं नाही.”